उजाडेपर्यंत तीच तारीख

दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये ‘चुकीमागचं कारण’ असा एक रकाना आहे. त्यावर क्लिक केलं की चार पर्याय खाली उतरतात. दुर्बिणीतला बिघाड, खराब हवामान, निरीक्षकाची चूक आणि इतर. ‘इतर’ निवडलं तर दोनशे अक्षरांत खुलासा करायचा. मी खुलासा लिहिला, तो दोनशेच्या वर गेला, रकाना लाल झाला. कापून बसवला, तोवर सेशन संपलं म्हणून त्यानं मला बाहेर काढलं. परत आत जायला पासवर्ड टाकला, तर पासवर्डची मुदत संपलेली. नवा पासवर्ड ज्या नंबरवर येणार तो नंबर मी दोन वर्षांपूर्वीच बंद केलेला.

चार वर्षं लपवलेली गोष्ट लेखी कबूल करायला बसलो, तर ऐकून घ्यायला कुणी तयार नाही. वैताग नुसता. पण खरं सांगायचं तर या वैतागाच्या आडोशालाच मी चार वर्षं बसून होतो.

मी मैंदर्गीचा. आमच्या घरात कानडी, दाराबाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत अडचणीचं बोलायचं नाही अशी रीत. चूक झाली की माणूस गप्प बसायचा आणि बाकीचे त्याला गप्प बसू द्यायचे. सोलापुरात कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागलो, पन्नाशीला आलो, तरी ती रीत अंगातून गेली नाही.

आमच्या कॉलेजकडं एका आकाश-सर्वेक्षणाचा छोटा तुकडा आला होता. लांब डोंगरावर एक मोठी दुर्बीण, ती रोज रात्री आकाशाची पट्टी न पट्टी टिपते. ते फोटो साठवणारं कोठार दुसऱ्या शहरात. फोटोंतले तारे मोजणारा, कालच्या ताऱ्याशी आजचा ताडून बघणारा सुपरकॉम्प्युटर तिसऱ्या शहरात. या तिघांना जोडणाऱ्या प्रोग्रॅमचा एक भाग सोलापुरात, म्हणजे माझ्या टेबलावर.

जोडणं हा शब्द फार सोपा आहे. डोंगरावरचे म्हणायचे, फाइल पाठवली. कोठारवाले म्हणायचे, आली नाही. सुपरकॉम्प्युटरवाले म्हणायचे, आमच्या रांगेत तुमचं कामच नाही. तिघंही खरं बोलत असायचे. मधल्या मध्ये आमच्या रस्त्यावर पाण्याच्या पाइपलाइनसाठी जेसीबी लागलेला असायचा आणि त्यानं केबल तोडलेली असायची. पाणी पाच दिवसांनी यायचं, इंटरनेट त्याच्या मागून. आणि वेळेचा घोळ तर विचारू नका. एकाची फाइल ग्रीनिचच्या वेळेत, दुसऱ्याची आपल्या वेळेत, तिसऱ्याच्या फाइलीत वेळेचा रकानाच नाही. साडेपाच तास कुठं वजा करायचे आणि कुठं नाही, यावर मी इतक्या व्हिडिओ मीटिंगा केल्यात की घरी जेवताना बायकोनं किती वाजले विचारलं तरी मी आधी ‘कुठले?’ म्हणायचो.

माझ्या वाट्याचं खास काम होतं हौशी लोकांच्या जुन्या वह्यांचं. मोठी दुर्बीण नवी. तिच्या आधी एखादा तारा कसा वागत होता, हे तिला कुठून कळणार? ते कळतं गच्चीवर बसून वर्षानुवर्षं नोंदी करणाऱ्यांकडून. त्यांच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायच्या, कोठाराला जोडायच्या आणि दुर्बिणीच्या मापांशी ताडून बघायच्या. माझ्या यादीत पहिलं नाव बार्शीच्या सरांचं होतं.

सर हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. स्वतः काच घासून दुर्बिणीचा आरसा केलेला, पत्र्याच्या नळकांड्यात बसवलेला, खाली लाकडी बैठक. वीस-बावीस वर्षं ते एकाच जातीच्या ताऱ्यांच्या मागे होते. जोडीचे तारे. एक दुसऱ्याभोवती फिरतो, फिरता फिरता त्याच्या पुढं येतो, मग ती जोडी चार-सहा तास मंद दिसते आणि पुन्हा उजळते. ही वेळ ठरलेली असते, अगदी गाडीच्या वेळापत्रकासारखी. सर शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून दर वीस मिनिटांनी तेज लिहायचे. चौदा वह्या. पेन्सिलीनं, कारण पेनाची शाई थंडीत आखडते.

‘‘सांभाळून न्या, प्राध्यापक,’’ ते म्हणाले होते. ‘‘झेरॉक्स न्हाई याची.’’

वह्या पिशवीत भरून मी एसटीनं सोलापूरला आणल्या. महिनाभर बसून पानं स्कॅन केली, आकडे चढवले. प्रत्येक वहीचं पहिलं पान मी उलटून टाकलं. वर मधोमध ‘श्री’ लिहिलेलं, खाली दोन-तीन ओळी. मला वाटलं, काही श्लोक-बिलोक असेल. आकडे नाहीत म्हणजे डेटा नाही, आणि डेटा नाही ते पान स्कॅन करायचं नाही, हा नियम मीच केलेला.

निकाल आला तेव्हा मी चाटच पडलो. सरांच्या मध्यरात्रीच्या आधीच्या नोंदी दुर्बिणीच्या हिशेबाशी झकास जुळत होत्या. बारानंतरची एकही जुळत नव्हती. तारा मंद व्हायला हवा तेव्हा यांचा लखलखीत, उजळ हवा तेव्हा मंद. प्रोग्रॅमनं भरवशाचे गुण काढले, ते मर्यादेच्या खाली गेले, आणि चौदाही वह्यांवर आपोआप शिक्का बसला: अविश्वसनीय. असा शिक्का बसलेला डेटा कोठारात असतो, पण शोधणाऱ्याला दिसत नाही.

मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. कोठाराच्या मॅडमनी विचारलं, ‘‘वय काय त्यांचं?’’

‘‘सत्तरीला टेकलेत.’’

‘‘मग बरोबर आहे. बारानंतर डुलकी लागत असणार हो.’’

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा मला खरोखर तसंच वाटत होतं, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल.

सरांना फोन मीच केला. शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं.

‘‘बारानंतरची एकही नाही?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही, सर.’’

मग पुन्हा, ‘‘एकही?’’

आता कळतं की ते दोनदा का विचारत होते. झोपाळू म्हाताऱ्याच्या निदान चार नोंदी तरी चुकून बरोबर येतील की. एकही नाही म्हणजे चूक डोळ्यांत नाही, दुसरीकडं कुठं तरी आहे. शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला ते खटकलं होतं. मी म्हणालो, ‘‘डोळे एकदा दाखवून घ्या, सर. रात्री उशिरा ताण पडत असेल.’’

त्यांनी दाखवून घेतले. मोतीबिंदू निघालाच. त्या वयात कुणाचा निघत नाही? दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मग कुणाकडून तरी कळलं की सरांनी दुर्बीण शाळेला देऊन टाकली.

त्या फोननंतर पाच महिन्यांनी प्रकल्पाच्या पोस्टरसाठी मला वहीचं एक देखणं पान हवं होतं. नवव्या वहीत चंद्रग्रहणाचं चित्र सापडलं. पेन्सिलीनं काळवंडलेला चंद्र, शेजारी खग्रास सुरू झाल्याची वेळ, मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमाराची. पोस्टरवर नीट माहिती टाकावी म्हणून मी ग्रहणाची तारीख नेटवर बघितली. सरांच्या वहीत ती एक दिवस आधीची होती.

तारे मंद झाल्याचा भास होऊ शकतो. ग्रहण काही कुणाला आदल्या दिवशी दिसत नाही.

मी वही उलटी चाळत पहिल्या पानावर आलो. ‘श्री’. खाली लिहिलं होतं: ‘तारीख सूर्यास्ताची धरली आहे. उजाडेपर्यंत तीच तारीख. रात्र एक, तारीख एक.’ चौदाही वह्यांत तेच. दर वहीला नव्यानं लिहिलेलं, म्हणजे वही सुटी पडली तरी वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये.

सर सोमवारी संध्याकाळी गच्चीवर जायचे. पहाटे तीनलाही त्यांच्या वहीत सोमवारच असायचा. माझ्या प्रोग्रॅमला बारा वाजले की वार बदलतो एवढंच माहीत, म्हणून त्यानं ती नोंद सोमवारच्या पहाटेची, म्हणजे अख्खा एक दिवस आधीची धरली. आणि यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग पुढं आहे. आपल्याकडची संध्याकाळ ते पहाट ही सगळी रात्र ग्रीनिचच्या घड्याळात एकाच तारखेत बसते. सरांची तारीख जगाच्या तारखेशी आपसूक जुळत होती. मी ती साडेपाच तास वजा करून ‘सुधारली’.

प्रोग्रॅममधली एक ओळ बदलायची होती. चाचणी म्हणून पन्नास नोंदी मी माझ्याच मशीनवर चालवून बघितल्या. पन्नासही जुळल्या. मी खिडकीजवळ जाऊन उभा राहिलो. मग परत येऊन ती फाइल पुसून टाकली.

का, असं विचाराल तर माझ्याकडं कारणं पुष्कळ होती. नोंदींची यादी शिक्क्यांसकट प्रसिद्ध होऊन गेली होती. कोठारानं ती गोठवली होती, तिच्या प्रती परदेशात गेल्या होत्या. सुपरकॉम्प्युटरवरचा आमचा वेळ संपलेला, नव्यानं मागायचा तर तिघांच्या सह्या, आणि तिघं एका वेळी एका मीटिंगला कधी आलेले नाहीत. ही सगळी कारणं खरी आहेत. पण ती मी नंतर गोळा केली. त्या दुपारी फक्त लाज होती. मी हसलो होतो ना त्यांच्याबरोबर.

मग वर्षं गेली. दर मीटिंगला वाटायचं, आज सांगू. आणि दर मीटिंगला कुणाचा तरी आवाज बंद असायचा, कुणाची स्क्रीन दिसायची नाही, अर्धा तास ‘ऐकू येतंय का, ऐकू येतंय का’ यात जायचा, आणि मी चिडचिड करत घरी यायचो. चिडायला मिळालं की बरं वाटायचं.

या वर्षी दिवाळीनंतर सरांचा मेसेज आला. ‘नमस्कार. माझ्या वह्या आपल्याकडे आहेत. घर आवरायला काढले आहे. सवडीने पाठवाव्यात. रद्दीवाला रविवारी येतो.’

कॉलेजच्या कपाटातून मी वह्या घरी आणल्या. बायकोनं पिशवी बघितली.

‘‘एवढ्या वह्या कुणाच्या?’’

मी सांगितलं. पहिल्यांदाच, सगळं. ती भाजी निवडत होती, निवडायची थांबली.

‘‘म्हणजे त्यांच्या डोळ्यांत काही नव्हतं?’’

‘‘मोतीबिंदू होता. पण त्याचा याच्याशी संबंध नव्हता.’’

‘‘आणि तुम्हाला चार वर्षांपासून माहीत आहे.’’

‘‘हो.’’

‘‘मग चार वर्षं काय करत होतात?’’

‘‘मीटिंगा.’’

ती उठली. भाजीचं ताट उचलून आत गेली आणि आतून म्हणाली, ‘‘शनिवारी सकाळी सातची बार्शी गाडी आहे.’’

बार्शीला सरांच्या घरी काकूंनी दार उघडलं. ‘‘या. लई दिसांनी आलात. आता वाचतात की हे बिनचष्म्याचं. गच्चीवर मात्र जात न्हाईत. कपडे वाळत घालायला सुदिक मीच जाते.’’

सर खुर्चीत बसले होते. मी पिशवी खाली ठेवली आणि नवव्या वहीतलं ग्रहणाचं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. एसटीत चार तऱ्हांनी जुळवलेली वाक्यं एकही आठवेना. मी म्हणालो, ‘‘सर, तुमच्या नोंदी बरोबर होत्या. सगळ्या. मी पहिलं पान वाचलं नाही.’’

त्यांनी पान बघितलं. मग माझ्याकडं.

‘‘कधी कळलं?’’

हाच प्रश्न येऊ नये असं वाटत होतं. ‘‘पाच महिन्यांनी.’’

‘‘माझ्या ऑपरेशनच्या आधी का नंतर?’’

‘‘नंतर.’’

‘‘दुर्बीण दिली त्याच्या?’’

‘‘तेही नंतरच. पण मागून आणता आली असती.’’

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘आवं, मी म्हणत नव्हते? डोळं गेलं म्हणून रडत बसले होते हितं. मी म्हणलं, सुईत दोरा ओवता की तुमी.’’

‘‘तू जरा चहा टाक,’’ सर म्हणाले.

त्या गेल्या नाहीत.

‘‘ऑपरेशनचं सोडा,’’ सर मला म्हणाले. ‘‘ते कधी ना कधी करायचंच होतं. पण चार वर्षं मी वर बघितलं नाही, प्राध्यापक. लाइट गेली तर लोक अंगणात येतात, वर बघतात. मी घरात बसायचो. म्हणलं, जे दिसंल ते खरं हाय का खोटं, आपल्याला काय कळणार? हे तुमी कुठल्या रकान्यात भरणार?’’

माफी मागितली का असं बायकोनं नंतर विचारलं; मागितली, दोनदा मागितली, आणि दोन्ही वेळा ते ‘हं’ म्हणाले.

मग त्यांनी पहिली वही उचलली. ‘‘आता काय करता येतं ते सांगा.’’

मी सांगितलं. दुरुस्तीचा फॉर्म, नवी रांग, पुढच्या यादीत शिक्का निघेल. त्यांनी पेन्सिल काढून मला एका चिठ्ठीवर सगळं क्रमानं लिहायला लावलं, आणि माझ्या दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं. ‘‘हितं ‘निरीक्षकाच्या तारखेतील फरक’ लिहिलंय तुमी. फरक निरीक्षकाचा होता का?’’ मी खोडून ‘वाचणाऱ्याची चूक’ लिहिलं. रद्दीवाल्याला रविवारी परत पाठवलं, हे मला सोमवारी काकूंनी फोनवर सांगितलं.

तो फॉर्म कसा भरला ते वर सांगितलंच आहे. चौथ्या खेपेला गेला. त्याला मी वहीचं पहिलं पान जोडलं होतं. आठ दिवसांनी कोठारातून उत्तर आलं, ‘जोडलेल्या पानात डेटा आढळत नाही. कृपया योग्य पान जोडावे.’ मी तेच पान पुन्हा जोडलं आणि मॅडमना फोन केला. त्या हसण्याचीही आठवण करून दिली. त्यांना ते आठवत नव्हतं. ‘‘अहो, आधी सांगायचं ना, दोन दिवसांचं काम होतं,’’ त्या म्हणाल्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता काम सुपरकॉम्प्युटरच्या रांगेत आहे. मी रोज बघतो. ‘प्रतीक्षेत’ असं दिसतं.

राहिली दुर्बीण. ती शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या मागं उभी होती, चादरीत गुंडाळलेली. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायमच्या सामानाच्या वहीत, एकदा चढलेली वस्तू शाळा परत देऊ शकत नाही. अर्ज केला, तो फिरून आला. दुसरा केला. शेवटी शाळेतल्या क्लार्कनं मार्ग काढला. तो सरांचाच विद्यार्थी. ‘‘सर, परत देता येत न्हाई, पण वापरायला न्या की. रजिस्टरात न्यायची सही, आणायची सही. पोरं यायच्या आत जागेवर पायजे, एवढंच बघा.’’

म्हणून मागच्या मंगळवारी मी पुन्हा बार्शीला गेलो. आम्ही दोघांनी ते नळकांडं गच्चीवर चढवलं. आरशावर धूळ होती, ती पुसण्यावरून सर मला तीन वेळा रागावले. रात्रभरात त्यांनी एका जोडीच्या एकोणीस नोंदी घेतल्या. मी बॅटरीला लाल कागद लावून वही धरली. मला तो तारा सगळ्या वेळी सारखाच दिसला.

पहाटे, अंधार होता तेव्हाच, आम्ही दुर्बीण शाळेत परत नेली. आवारातच राहणाऱ्या शिपायानं फाटक उघडलं, रजिस्टर आणून पायरीवर ठेवलं. सरांनी सही केली. शिपायानं मोबाइलचा उजेड पाडून बघितलं.

‘‘सर, तारीख चुकली बगा. कालचीच लिवलीय. आज बुधवार हाय की.’’

सरांनी पेन माझ्या हातात दिलं आणि ते जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. ‘‘सांगा त्याला, प्राध्यापक.’’

मी सांगितलं. पहिलं पान, बारा वाजता बदलणारा वार, शिक्का, डोळे, सगळंच सांगत गेलो. एवढं सांगायची गरज नव्हती. शिपाई ऐकता ऐकता मध्येच जांभई देत होता.

‘‘असं हाय व्हय,’’ तो म्हणाला. ‘‘मग रजिस्टरच्या पयल्या पानावर तसं लिवून द्या. न्हाईतर सायेब मला इचारत बसतील.’’

मी पहिलं पान उघडलं. वर ‘श्री’ होतंच. त्याखाली लिहिलं, दुर्बिणीची तारीख सूर्यास्ताची धरली आहे, उजाडेपर्यंत तीच तारीख. खाली माझी सही केली. दोनशे अक्षरांत सहज बसलं.